ओघळीतली पंगत

शेडात शिरलं की पहिलं काम म्हणजे मेलेल्या कोंबड्या उचलायच्या. पाच हजार पक्षी एका पत्र्याखाली कोंडले की रोज काही मरणारच. कुणी चेंगरून, कुणी उन्हानं, कुणी काही कारण नसताना दाणा टिपता टिपता उताणं पडतं. पोल्ट्रीत त्याला 'मर' म्हणतात. "आज मर किती गं?" असं मालक फोनवर विचारायचे, आवाज असा, की म्हशीनं आज दूध किती दिलं तेच विचारतायत. मी पाय धरून एकेक उचलायची, घमेल्यात टाकायची आणि घमेलं कमरेवर घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायची.

मालकांना सगळी वस्ती आबा म्हणते, आम्हीही आबाच म्हणतो. न्हावऱ्यापासून मांडवगणच्या अंगाला त्यांचा मळा. पुढं कांदा, मागं ऊस, मधे हे कोंबड्यांचं शेड आणि शेडाला चिकटून आमची खोली. शेडामागं आबांनी मरीसाठी खड्डा खांदून दिलेला. कोंबडी टाकायची, वर चुना मारायचा, वर माती ओढायची. एवढाच नियम. तो मी मोडला. पुढं जे झालं ते त्या मोडण्यातून झालं, आणि त्याची शिक्षा मला सोडून बाकी सगळ्यांना मिळाली.

आधी आम्ही इथं कसे आलो ते सांगते, म्हणजे मी गप्प का बसले ते कळेल. माझं गाव बीडकडं, डोंगरात. आईबाप कोयत्यावर होते. म्हणजे दिवाळी झाली की ऊस तोडायला इकडं यायचं, उन्हाळा लागला की माघारी. मी सहावीपर्यंत शिकले, तेही अर्धं अर्धं. दर साली दिवाळीपासून माझ्या नावापुढं गैरहजर. सातवीच्या वर्गात मी बसलेच नाही, मोळ्या बांधायला लागले. लग्न झालं, नवराही कोयत्यावरचाच. आबांचा ऊस आम्ही तीन हंगाम तोडला. तिसऱ्या हंगामात माझी पोरगी कोपीत जन्मली. कोपी म्हणजे तोडवाल्यांची पाचटाची झोपडी. दहाव्या दिवशी तिला ताप भरला. आबांनी स्वतःच्या गाडीत घालून शिरूरला नेलं, दवाखान्याच्या पायरीवर दिवसभर बसून राहिले. हंगाम संपल्यावर म्हणाले, "कशाला जाताय माघारी? शेडवर माणूस पायजेच हाय मला. ऱ्हावा हितंच. पोरगी शाळंत तरी जाईल."

त्या बोलण्यावर मी अजून जगते. पोरगी न्हावऱ्याच्या शाळेत जाते आणि एकाही दिवाळीनंतर तिच्या नावापुढं गैरहजर लागलेलं नाही. पण उपकार करणाऱ्याची जेवढी भीती वाटते तेवढी वैऱ्याचीही वाटत नाही. आबा आमच्यावर कधी ओरडले नाहीत. तरी त्यांची मोटरसायकल वळणावर वाजली की मी हातातलं काम सोडून शेडभर नजर फिरवायची. काय चुकलं असेल? शेडाचा पडदा वर राहिला? पाणी सांडलं? अंथरुणावर पडताना देवाजवळ माझं एकच मागणं असायचं, कोयता परत हातात देऊ नको, आणि पोरीच्या तर कधीच नको.

पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं. टाकलेल्या कोंबड्या वर तरंगायला लागल्या. नवऱ्याला म्हटलं, दुसरा खड्डा खांदा. तो म्हणाला, "कामून? मागं वघळ हाय की. टाक तिकडं. खाणारे खातील." शेड आणि ऊस यांच्या मधून एक ओघळ जाते, दोन्ही कडांना वेड्या बाभळी. मी घमेलं तिथं उपडं केलं. दुपारी जाऊन पाहिलं तर चार पिसं सोडता काही नव्हतं. ना वास, ना माशी. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग खड्डा वाळला तरी मी ओघळीतच टाकत राहिले. एक पाऊसकाळ गेला, दोन गेले, सवय झाली, आणि सवयीला कुणी चूक म्हणत नाही.

पंगत ठरलेली असायची. पहिली यायची रानमांजर. मातकट अंग, लांब पाय, आखूड शेपटीवर काळी कडी, कानाच्या टोकाला काळे केस. घरच्या मांजरीसारखं पायात घोटाळणं नाही. दहा पावलांवर थांबायची, माझ्याकडं बघायची, मी मागं सरकले की एक कोंबडी मानेला धरून उसात. तिच्यामागं मुंगसाची जोडी, भांडत भांडत. उन्हं वर आली की घार. दिवेलागणीला कधीमधी कोल्हा, तो बिचारा उपकार केल्यासारखा खायचा, दोन घास आणि मागं वळून बघणं. उरलंसुरलं मुंग्यांचं. मला आधी वाटायचं, मीच यांना पोसते. पुष्कळ दिवसांनी कळलं की माझं काम तेच करतायत.

आणि नुसतं तेवढंच काम नव्हतं. नदीपलीकडं राहू गावाच्या बाजूला जेवढी शेडं आहेत तिथं उंदीर-घुशींची नुसती बोंब. आमच्याकडं खाद्याच्या पोत्याला भोक नाही. पिल्लं आणि खाद्य कंपनी देते, आबा फक्त वाढवून देतात. त्या कंपनीचा सुपरवायझर दौंडकडची शेडं बघून यायचा आणि कपाळाला हात लावायचा. "आबा, तुमच्याकडं उंदीर कसा नाही?"

"आमची बाई लई सोच्छ हाय," आबा माझ्याकडं बोट करून म्हणायचे.

मी मान खाली घालायची. पहाटे पोत्यांच्या खोलीमागून ती मांजर तोंडात उंदीर धरून जाताना मी कितीदा तरी बघितली होती. कोंबडी ही तिची आयती भाकर, उंदीर तिचा खरा धंदा. माझ्या नावावर जमा झालेली सगळी स्वच्छता तिची होती.

पण पंगतीला बोलावलेलेच येतात असं नाही. गेल्या साली गावातली भटकी कुत्री ओघळीला लागली. पहिल्यांदा दोन, मग सात-आठ. आणि कुत्र्यांच्या मागं तो आला. बिबट्या. इथं सगळे वाघच म्हणतात त्याला. तो उसात राहतो हे या भागात कुणाला नवीन नाही. वर्षभर उभा ऊस, आत गारवा, पाटाला पाणी, खायला डुकरं आणि कुत्री. त्यांची पिल्लं उसातच जन्मतात, त्यांना जंगल म्हणजे ऊसच. बाया खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, खिळ्यांची टोकं बाहेर. आबांच्या मालकिणीनं, मामींनी, मलाही एक दिला. पहिल्या दिवशी घातला तेव्हा पोरगी हसून लोळली. "आई, आता तू कुणाला चावणार गं?"

एके सकाळी ओघळीतल्या ओल्या मातीत मला ठसा दिसला. वाटीच्या तोंडाएवढा, गोल. कुत्र्याच्या ठशाला नखं उमटतात, याला नव्हती. मी नवऱ्याला बोलावून आणलं. त्यानं ठशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चपलेनं तो पुसून टाकला.

"अवो, आबांना सांगायला पायजे."

"सांग. मग ते वघळ बघायला येतील. पिसं बघतील. मग काय सांगशील?"

मी काही सांगितलं नाही.

त्याच दिवसांत तोडवाल्यांची टोळी आली आणि ओघळीच्या पलीकडच्या कडेला कोप्या पडल्या. टोळीत एक पन्नाशीची बाई होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात ती पाणी न्यायला आली, माझी दोन वाक्यं ऐकली आणि हंडा खाली ठेवला. "बीडची दिसतीस. इकडच्यासारखं बोलायलीस, पण लपतंय व्हय?" तिचं गाव माझ्या गावाच्या पलीकडचं निघालं. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी घेऊन आली. तिच्याकडं एक तांबडी कुत्री होती. बाया-माणसं अंधार असतानाच फडात जायची, लहान लेकरं कोपीत झोपलेली असायची, आणि ती कुत्री कोपीच्या तोंडाशी आडवी पडून असायची. अक्का म्हणायची, "ही हाय म्हणून ऊस तोडताना मागं बघत न्हाई मी."

संक्रांत झाली आणि शेजारच्या मळ्यातली कालवड गोठ्यातून ओढून नेली. सकाळी सगळी वस्ती त्या गोठ्यापुढं. वनखात्याचा गार्ड आला. वयानं पिकलेला, बोलायला सरळ. त्यानं ठसे बघितले, ओघळ बघून आला, आणि सगळ्यांच्या समोर म्हणाला, "बिबट्या तुमच्या कालवडीसाठी आलेला नाही. कुत्र्यांसाठी आलाय. कुत्री कशासाठी आली ते मला सांगा. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकतंय कोण?"

कालवडीच्या मालकानं आबांकडं बघितलं. "पोल्ट्री तर एकाचीच हाय हितं."

आबांचा चेहरा उतरला. "आमच्यात खड्डा हाय. चुन्यासकट. व्हय का न्हाई गं?"

"व्हय आबा."

"मंग वघळीत पिसं कुणाची? आभाळातनं पडली व्हय?" मागून कुणी तरी म्हणालं. माणसं हसली. आबा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते, रागानं नव्हे, भरवशानं. तो भरवसाच मला सोसला नाही. डोळ्यांपुढं पोरीचं दप्तर आलं, खिळ्याला टांगलेलं, आणि त्याच्या शेजारी कोयता. मी म्हणाले, "कोयतेवाले न्हेत्यात, आबा. खड्ड्यातनं उकरून. खात्यात आन् पिसं वघळीत टाकत्यात."

"त्यांचं काय सांगावं," कुणी तरी म्हणालं. "मेल्यालं बी सोडीनात."

परत हशा झाला. त्यात मीही थोडी हसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. ज्या कोपीत मी जन्म दिला, त्या कोपीतल्या माणसांना मेलेलं खाणारी म्हटलं आणि वर हसले.

मुकादमाला बोलावून त्याच दिवशी कोप्या हलवायला लावल्या. पलीकडं माळावर, जिथून पाणी लांब. मुकादम वाद घालत नाही, टोळीही घालत नाही. त्यांना हंगाम पुरा करायचा असतो. अक्का डोक्यावर बोचकं घेऊन माझ्या दारावरून चालली होती, मागं तांबडी कुत्री. थांबली.

"आम्ही मेल्याली कोंबडी खातो म्हणं?"

"कोण म्हणलं?"

"तेच तर इचारायले. कुणी सांगितलं गं?"

"मला काय ठावं, अक्का."

"आगं, खाल्ली आसती तर पिसं कशाला ठिवली आसती? उशीत भरली आसती की," ती म्हणाली आणि स्वतःच हसत पुढं गेली.

तिसऱ्या दिवशी आबा दुपारी आले. पिशवीत कांद्यावर मारायच्या औषधाची बाटली. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "वनखात्याच्या पिंजऱ्याची वाट बघत बसलो तर समद्यांची जनावरं जातील. लोक मलाच बोलत्यात. मरीतल्या दोन-तीन कोंबड्यांना लाव आन् टाक वघळीत. मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नको. आन् टोळीला तेवढं सांग, कुत्री बांधून ठिवा म्हणावं."

त्यांनी ते शेवटचं आठवणीनं सांगितलं. म्हणूनच त्यांच्यावर मला नीट रागावताही येत नाही.

कोंबड्यांना औषध मी लावलं. टोळीला निरोप दिला नाही. द्यायला निघाले होते, माळाच्या वाटेला लागलेही होते. मग वाटलं, अक्का विचारणार, वघळीत कोंबड्या टाकतं कोण? आम्ही न्हेतो म्हणत्यात ना? एवढा एक प्रश्न ऐकावा लागू नये म्हणून मी बांधावरून माघारी फिरले. घरी येऊन भांडी घासली. त्याच हातांनी पोरीला जेवायला वाढायचं म्हणून तीन वेळा राखेनं हात घासले.

सकाळी ओघळीत गेले. आधी दोन भटकी कुत्री दिसली. मग एक मुंगूस, दुसरं कुठं गेलं कळलं नाही. बाभळीखाली घार, एक पंख पसरलेला, जणू उडायचं होतं आणि मधेच विसरली. तांबडी कुत्री ओघळीची कड अर्धी चढून गेली होती, तोंड माळाकडं. आणि उसाच्या कडेला मांजर. मी तिला पहिल्यांदाच हात लावला. तिची थानं दुधानं भरलेली होती.

बिबट्या मात्र आला नव्हता. नाही तर येऊन वास घेऊन गेला असेल. त्याचं काही वाकडं झालं नाही.

सगळ्यांना ओढत आणून मी खड्ड्यात लोटलं, वर चुना मारला, वर माती. इतक्या वर्षांनी नियम परत पाळला तो असा.

दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या मागच्या फडात होती. दहा-अकराच्या सुमाराला ओरडा झाला, "वाघाची पिल्लं! वाघाची पिल्लं!" माणसं कोयते टाकून बांधावर. वनखात्यानं सगळ्या टोळ्यांना बजावलेलं होतं, की पिल्लं सापडली तर हात लावायचा नाही, तोड थांबवायची, आई येऊन नेते. टोळीनं तसंच केलं. आमच्याकडच्या माणसांना कुणी एकदा नीट समजावून सांगितलं तर ती तसं वागतात, हेही कुणी लिहून ठेवायला पाहिजे. गार्ड मोटरसायकलवर आला, पाचटात वाकून बघितलं आणि हसला.

"अरे वाघ कुठला! रानमांजराची पिल्लं आहेत ही."

तीन होती. डोळे नुकतेच उघडलेले, अंगावर पुसट पट्टे. गार्डानं टोमॅटोचं एक कॅरेट मागवलं, त्यात पाचट अंथरून पिल्लं अलगद ठेवली आणि टोळीला म्हणाला, "ह्या चार सऱ्या आज उभ्या राहू द्या. आई इथंच कुठं तरी असणार, माणसांना भिऊन बसली असेल. संध्याकाळपर्यंत घेऊन जाईल. मांजर पिल्लं टाकत नाही."

मग सगळे लांब बांधावर जाऊन बसले. टोळीची तोड खोळंबली तरी कुणी कुरकुर केली नाही. आबा आले, मामी आल्या. शाळा सुटल्यावर पोरगी दप्तरासकट धावत आली आणि माझ्या मांडीला टेकून बसली. कॅरेटमधून बारीक आवाज येत होता. जरा थांबायचा, परत यायचा. उसाचं पान हललं की सगळ्यांच्या माना तिकडं.

"येईल ना गं आई?"

"येईल की."

त्या बांधावर पंधरा-वीस माणसं बसली होती आणि ती येणार नाही हे फक्त मला माहीत होतं. शंभर पावलांवर, चुन्याखाली होती ती. एकदा वाटलं उठावं आणि गार्डाला सांगावं, साहेब, वाट बघू नका, पिल्लं उचला, दूध पाजा, अजून जगतील. एवढंच सांगायचं होतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता: तुला काय माहीत? आणि आबा बसले होते समोर. मी पोरीच्या वेणीची रिबीन सोडली, परत बांधली. परत सोडली.

अक्का माझ्या शेजारी येऊन बसली. "आमची कुत्री बी कालपसून दिसंना. तू बघितलीस व्हय?"

"न्हाई अक्का."

"वाघानं नेली आसंल."

"आसंल."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "लेकरं रातभर निजली न्हाईत. मी कोयता घेऊन बसले कोपीच्या तोंडाला. कुत्र्यासारखी."

अंधार पडल्यावर सगळे घरी गेले. सकाळी गार्ड आला तेव्हा दोन पिल्लं गार पडली होती. तिसऱ्यात धुगधुगी होती. ते त्यानं टॉवेलात गुंडाळलं आणि शर्टाच्या आत धरून गेला. त्याचं पुढं काय झालं मी विचारलं नाही. गार्ड जाताना नुसता पुटपुटला, "असं होत नाही कधी."

त्या आठवड्यात पोरगी परिसर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. गवत, मग उंदीर, मग साप, मग घार; एकापासून दुसऱ्याकडं बाण. म्हणाली, "आई, यातला एक प्राणी नसला तर काय होईल, असा प्रश्न आहे. काय लिहू?" मी म्हटलं, बाईंना विचार. उत्तर होळीच्या आतच आमच्या खोलीत आलं.

पहिल्यांदा एका पोत्याला भोक पडलं. मग सगळ्या पोत्यांना. मग भिंतीच्या बुडाला माती उकरलेली, पडदे कुरतडलेले. नव्या खेपेची पिल्लं आली, कापसाच्या बोंडाएवढी. सकाळी दिवा लावला तर कोपऱ्यात पिल्लांचे पाय खाल्लेले, जीव शाबूत. अशी मर मी कधी उचलली नव्हती. मेलेली उचलायची सवय होती मला. अर्धी जिवंत उचलायची नव्हती. पोरीच्या उशाशी घूस आली तेव्हापासून आम्ही तिला मधे घेऊन निजायला लागलो. आबांनी सापळे आणले, चिकट पुठ्ठे आणले. मग गावातून एक मांजर आणली. ती दोन दिवस गोड राहिली आणि तिसऱ्या दिवशी कोंबडीचं पिल्लू धरून बसली.

"खाल्ल्या ताटात घाण करती ही," आबा म्हणाले आणि मांजर पोत्यात घालून परत नेली. मी तिथंच उभी होते, खराटा हातात घेऊन.

सुपरवायझर म्हणाला, "बाई, एवढं स्वच्छ ठेवायच्या तुम्ही. काय झालं?"

बिबट्या पुढं पिंजऱ्यात सापडला. शंभर माणसं फोटो काढायला. गाडीत घालून नेला, मामींनी देवाला नारळ फोडला. दोन महिन्यांनी दुसऱ्याचे ठसे. गार्डाला विचारलं तर म्हणाला, "जागा रिकामी झाली की दुसरा येतो. त्यात नवल काय?" नवल मला एवढंच वाटलं, की बिबट्याची रिकामी जागा दोन महिन्यांत भरली आणि माझ्या मांजरीची अजून भरत नाही. पावसाळ्यात एकदा मी मुद्दाम एक कोंबडी ओघळीत टाकून बघितली. नुसती, औषधाशिवाय. ती तिथं पडून फुगली, फुटली, किडे पडले, वास खोलीपर्यंत आला. चौथ्या दिवशी मीच फावड्यानं उचलून आणली. कुणी आलं नव्हतं.

यंदा दिवाळी झाली आणि तीच टोळी परत आली. कोप्या माळावरच पडल्या. ओघळीजवळ त्यांनी मागितलीही नाही जागा. अक्का दुसऱ्याच दिवशी आली. हातात चटणीची पुरचुंडी, आणि मनगटाला दोरी, दोरीला एक तांबडं पिल्लू.

"बांधलंस कामून?" मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडात माझी बोली आली. "खेळू दे की."

"तुझ्या दारात हाय म्हणून बांधलंय."

ती उंबऱ्यावर टेकली, चटणी माझ्या हातात दिली.

"कुत्री हुडकत आले व्हते मी गेल्या साली, तुझ्या खड्ड्यावर. चुना नवा व्हता. शेपूट वर राहिलं व्हतं मातीतनं. मीच माती लोटली वरून."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुझ्या आबाला?" अक्का हसली. "मग काय झालं आसतं? तू आली आसतीस आमच्यात, पोरगी घिऊन. एक कोयता वाढला आसता टोळीत. आमची कुत्री थोडीच उठून आली आसती." मग म्हणाली, "कितवीला गेली?"

"पाचवीला."

"बरं झालं."

मला तिचे पाय धरायचे होते. पण पाय धरणं सोपं असतं, आणि ते तिलाही माहीत असावं, कारण तिनं पाय आत ओढून घेतले आणि माझ्या शेजारच्या घमेल्याकडं बघितलं. त्या दिवसाची मर होती त्यात. पिल्लू तिकडं ओढ घेत होतं.

"ह्या कुठं टाकतीस आता?"

"खड्ड्यात."

"दाव."

मी घमेलं उचललं. ती मागं आली. मी कोंबड्या टाकल्या, चुना मारला, फावड्यानं माती ओढली. आबा इतक्या वर्षांत त्या खड्ड्याकडं एकदाही बघायला आले नव्हते. अक्का काठावर उभी राहून शेवटच्या फावड्यापर्यंत बघत होती. एका कोपऱ्यात पंखाचं टोक उघडं राहिलं होतं, ते तिनं बोटानं दाखवलं, मी झाकलं.

तेव्हापासून पाणी न्यायला आली की ती आधी खड्ड्यावर जाते, मग नळावर. मला हाक मारत नाही. हंडा भरून होईपर्यंत पिल्लाची दोरी मनगटाला एक वेढा जास्तच असते.